माणिककाकांचा तखमिना

प्रिय मुक्ता आणि निखिल,

मुक्ता, तुझी मेल तुझ्या बाबानं कागदावर छापून आणून दिली. मी ती तीनदा वाचली. आर्किटेक्चरच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय, तीन वर्षं लागणार, पगार बंद होणार, वर कर्ज काढावं लागणार. जावं की नाही ते ठरेना म्हणून तू एका कागदावर दोन रकाने आखलेस, डावीकडे फायदा आणि उजवीकडे किंमत. तो कागदही सोबत पाठवलास. उजव्या रकान्यात चौथ्या ओळीत मला मीच दिसले. ‘तीन वर्षं आजीला भेटता येणार नाही.’

त्या ओळीबद्दल मी शेवटी बोलेन. मला सगळं क्रमानं लिहायची सवय आहे. आधी धारूरच्या माणिककाकांबद्दल लिहिते, कारण असला कागद मी लहानपणी पाहिलेला आहे. एकदा नाही, लागोपाठ चार वर्षं पाहिला. त्याच्यासोबत जोडायचा इंग्रजी अर्ज दर वर्षी मीच लिहीत असे, आणि त्या अर्जांची आठवण झाली की मला आजही राग येतो. निखिल, तुला यात काही नाही असं समजून कागद बाजूला ठेवू नकोस. तूही रकाने आखणाराच आहेस.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, धारूरच्या दवाखान्यात डॉक्टर होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. कचेरीची भाषा उर्दू, घरातली मराठी, आणि जेवणाआधी तासभर नाना मला इंग्रजी शिकवत. मुलीला इंग्रजी कशाला, असं गावात विचारणारे पुष्कळ होते. माणिककाका मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘लीलाबाई’ म्हणू लागले. मी अकरा वर्षांची होते.

ते आमच्या शेजारी राहत. तामीरात खात्यात, म्हणजे सरकारी बांधकामात, ते ओवरसियर होते. रस्ते, मोऱ्या, चावड्या, शाळेच्या खोल्या, जे काही सरकार बांधेल त्यावर देखरेख त्यांची. मूळचे घाटनांदूरचे, शेतकरी घरातले. थोरला भाऊ शेती बघायचा आणि धाकट्याला त्यानं शिकवलं. हैदराबादेहून परीक्षा पास होऊन आलेला त्या घरातला तो पहिला माणूस.

अंगानं उंच, पण मान कायम पुढं काढलेली, जणू समोरच्या भिंतीत काहीतरी बारीक लिहिलंय आणि ते वाचायचंय. उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. कोटाच्या खिशात घडीची लाकडी पट्टी. ती पट्टी कशालाही लागायची. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानात भाकरी वाढल्यावर त्यांनी पट्टी काढून भाकरी मोजली आणि आईला म्हणाले, “वहिनी, तुमची भाकरी सरकारी मापाच्या वर हाय.” आई आठवडाभर हसत होती. कुठल्याही भिंतीजवळून जाताना ते बोटाच्या पेरानं ती वाजवून बघत. आवाज पसंत पडला तर भिंतीकडे बघून मान डोलावत, न पडला तर मालकाकडे बघून.

त्यांच्या तोंडचा शब्द होता ‘तखमिना’. काम सुरू करण्याआधी खर्चाचा जो अंदाज कागदावर मांडतात, त्याला खात्यात तखमिना म्हणत. दगड किती, चुना किती, मजुरी किती, आणि सगळ्यात शेवटी ‘किरकोळ, शेकडा पाच’. तखमिना मंजूर झाल्याशिवाय खात्यात एक दगड हलत नसे. काकांच्या घरीही हलत नसे. त्यांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, पापड करायचे म्हटलं तरी ते विचारत, “तखमिना केला का?” आणि नकार द्यायचा तर एकच वाक्य: “अंदाजात बसत न्हाई.”

इतपत ऐकून तुम्हाला ते गमतीचे वाटतील. गमतीचे होतेच. पण त्यांच्या हातात काय होतं ते मी सांगितलं नाही तर हे चित्र खोटं होईल.

नानांच्या दवाखान्याला एकच ओसरी होती, तीही पश्चिमेला. खात्याचा जो ठरलेला नकाशा होता त्यात ओसरी दर्शनी बाजूला, आणि आमची दर्शनी बाजू नेमकी पश्चिमेला पडलेली. दुपारी आजारी माणसं उन्हात भाजत बसत. नाना एकदा वैतागून म्हणाले, “माणिकराव, तापाचा रोगी इथं येतो एक ताप घेऊन आणि जातो दोन घेऊन.”  काका तीन दुपारी येऊन ओसरीत नुसते बसले. कधी इथं, कधी तिथं. तळहात भिंतीपाशी धरायचे, मग उठून दुसरीकडे धरायचे.

मग दुरुस्तीच्या नावाखाली त्यांनी काम काढलं. पश्चिमेची बाजू अर्ध्यावर बुजवली, ओसरीचं तोंड किल्ल्याकडं, उत्तरेला वळवलं. भिंतीला लागून दगडी बाक, आणि बाकाच्या वर, बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीवर, सात लहान झरोके. बाहेरून रुंद, आतून अरुंद. किल्ल्याच्या दरीतलं वारं त्यातून असं यायचं की माणसं आजार नसताना येऊन बसू लागली. काम इस्माईलचाचांनी केलं होतं. ते गावातले सगळ्यात जुने गवंडी. बाकाच्या दगडावर हात फिरवून ते काकांना म्हणाले, “साब, ये नक्शे में नहीं था. ये तुम्हारे सर में था.”

चार महिन्यांनी खात्याचे मोठे साहेब मोटारीतून आले. दवाखान्यापुढं उभे राहिले आणि विचारलं, “ये किसका डिज़ाइन है?”

काका म्हणाले, “मरम्मत है, हुज़ूर.”

“मरम्मत में मकान का मुँह नहीं फिरता. तुम्हारी डिग्री क्या है?”

“ओवरसियर हूँ, हुज़ूर.”

“तो ओवरसियर रहो. सुराख बंद करो.”

मी दवाखान्याच्या दारात उभी होते. साहेबांनी आवाज चढवला नव्हता, हे मला जास्त लागलं. आपल्या कल्पनेचा नकाशा काढून त्याखाली सही करायचा हक्क फक्त डिग्रीवाल्याला. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या सहीखालच्या रेघा दगडात उतरवायच्या. दुसऱ्या दिवशी काका आणि इस्माईलचाचांनी सातही झरोके बुजवले. काका स्वतः खाली बसून माल कालवत होते. मी विचारलं, “काका, वाईट नाही वाटत?” ते म्हणाले, “सही न्हाई आपली, लीलाबाई. सही नसली की रेघेला किंमत न्हाई.”

त्या रात्री जेवताना नाना एकटेच बोलत होते. आठवड्यात त्यांनी मुंबईच्या एका मित्राला लिहिलं आणि तिथल्या वास्तुशिक्षणाच्या शाळेचं माहितीपत्रक मागवलं. इंग्रजीतलं. ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं. अभ्यास पाच वर्षांचा होता, पण ओवरसियरची परीक्षा आणि कामाचा अनुभव असेल तर दोन वर्षं माफ. राहिली तीन. मुक्ता, तुझीही तीनच आहेत. अर्जासोबत स्वतः काढलेले चार नकाशे पाठवायचे होते. काकांनी मला तो सगळा मजकूर दोनदा वाचायला लावला. मग खिशातून पट्टी काढून माहितीपत्रकाच्या पानावर ठेवली. मोजायला नाही. पान वाऱ्यानं उलटू नये म्हणून.

“जाणार ना काका?” मी विचारलं.

“तखमिना करावा लागंल,” ते म्हणाले.

पहिल्या वर्षी आम्हा सगळ्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. फी होती, राहणं होतं, आमचा हाली, म्हणजे निजामाचा, रुपया मुंबईत चालत नसल्यानं इंग्रजी कलदार घ्यायला लागणारा बट्टा होता. पण काकांचा हात एकदा लागला की थांबत नसे. ‘मुंबईत रस्ता चुकणे’ असं एक कलम होतं. ‘इंग्रजी न समजल्याने वाया जाणारे दिवस’ असं एक होतं. नाना वाचून म्हणाले, “माणिकराव, हे शिकायला जायचं आहे की पूल बांधायचा आहे?” काका गंभीरपणे म्हणाले, “डॉक्टरसाब, पूल एकदा पडला तर परत बांधता येतो.” कागद पुरा होईपर्यंत अर्जाची तारीख गेली होती.

आणि खात्याचा नियम असा की फसली साल, म्हणजे सरकारी हिशोबाचं वर्ष, संपलं की जुना तखमिना रद्द. दर बदलतात, नवा करावा लागतो. काकांनी दुसऱ्या वर्षी नवा केला. मी नवा अर्ज लिहिला. तिसऱ्या वर्षी पुन्हा. माझं अक्षर सुधारत गेलं, इंग्रजी सुधारत गेलं, अर्ज दरवर्षी अधिक चांगला होत गेला आणि दरवर्षी आमच्या कपाटात राहिला. बक्षिसाच्या निबंधासारखा लिहिलेला अर्ज टपालाच्या पेटीतही पडू नये, याचा संताप एका मुलीला किती येतो ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

घाटनांदूरहून त्यांचे थोरले भाऊ धान्य घेऊन येत. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. ओट्यावर पोतं टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला.

“काय बे, गेलतास का मुंबईला?”

“न्हाई दादा. तखमिना चाललाय.”

“आरं, तीन सालं झाली! एवढ्यात मी दोन हिरी खणल्या. जायचं तर जा, न्हाई तर न्हाई म्हण. कावून असा उंबऱ्यात पाय ठिवून बसलास?”

“बसवतोय, दादा. अंदाजात बसवतोय.”

“बसव बसव. मुंबई बी म्हातारी होऊन बसंल तंवर.”

चौथ्या वर्षी मात्र आम्हाला खरंच वाटलं की ते जाणार. त्यांनी चार नकाशे पुरे केले. त्या काळी पक्के नकाशे कागदावर नाही, कापडावर काढत. कांजीचा दाट हात दिलेलं तलम निळसर कापड, इतकं पारदर्शक की खालची रेघ वर दिसे. रद्द झालेला नकाशा कोणी फेकत नसे. गरम पाण्यात भिजवला की कांजी आणि जवळजवळ सगळी शाई निघून जायची आणि खाली मलमलीसारखं मऊ कापड उरायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या तान्ह्या मुलांची झबली काकांच्या रद्द नकाशांची होती. माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर एका मोरीची पुसट कमान कितीतरी धुण्यांनंतरही दिसायची.

हे चार नकाशे मात्र काकांनी स्वतःच्या पैशानं आणलेल्या कापडावर काढले होते. एक धर्मशाळा, एक शाळा, एक विहीर आणि चौथा दवाखाना. दवाखान्यावर सातही झरोके होते. आणि चारही नकाशांच्या कोपऱ्यात, जिथं साहेबाची सही असते तिथं, त्यांनी बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं. ते दाखवताना त्यांचा हात कोपऱ्यावरून दोनदा गेला.

त्याच दिवसांत सरूकाकूंना दिवस गेले होते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर. एका दुपारी मी त्यांच्या ओसरीत अर्जाची चौथी प्रत लिहीत होते आणि शेजारी त्या सालचा तखमिना ठेवलेला होता. काकूंना वाचता येत नव्हतं. चिंचा निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, “काय काय धरलंय गं ह्या वर्षी?”

मी वाचू लागले. फी, राहणं, बट्टा, रस्ता चुकणे. मग नववं कलम आलं आणि मी थबकले.

“वाच की.”

“सरूचे हाल,” मी वाचलं. “तीन वर्षं. दिराच्या घरी राहणे. लोकांचे बोलणे. बाळंतपण नवऱ्याच्या माघारी.” आणि पुढं आकडा होता. खरंच होता. कसा काढला असेल, देव जाणे.

काकूंनी चिंचा खाली ठेवल्या. “आधीच्या सालांत बी होतं का हे?”

मी आठवून सांगितलं की बाळंतपण सोडलं तर बाकीचं होतं. पहिल्या वर्षापासून. आकडा दर वर्षी वाढत गेला होता.

तेवढ्यात काका जेवायला आले. काकूंनी पाणी दिलं नाही, पाट मांडला नाही. दारातच विचारलं, “माझे हाल तुमी धरले. मला इचारलं कवा?”

काका गोंधळले. “इचारायचं काय त्यात? दिसतंयच की.”

“काय दिसतंय? पट्टी लावून मोजले का?”

“सरू, तीन वर्षं...”

“तीन वर्षं मी घाटनांदूरला राहीन. जाऊबाई हाय, दादा हाय. लोक तर आठ वर्षं बोलतेतच, आणि तीन बोलतील. बाळंतपणात तुमी काय करणार होते? माप घेणार होते?”

मला हसू आलं. काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की ते तिथंच थांबलं.

“चार सालं मला वाटतंय, ह्यास्नी पैसा अडवतो,” त्या म्हणाल्या, “आणि कागदात मी बसलीय आडवी. माझ्या नावानं. मला ठावंच न्हाई.”

काकांनी तखमिना उचलून नववं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “अंदाजात बसत न्हाई, सरू.”

“मग अंदाज फाडा,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो दिवस सोमवार होता. अर्ज शुक्रवारी टाकायचा होता. गुरुवारी सकाळी मी सही घ्यायला अर्ज घेऊन गेले तर परसातल्या दोरीवर चार पांढरे तुकडे वाळत होते. मऊ, कोरे, वाऱ्यावर हलणारे. मला वाटलं काकूंनी रागाच्या भरात धुतले. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. मोठ्या माणसाला बोलू नये असं बोलले. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “मी न्हाई गं पोरी. त्यांनीच पाणी तापवलं, त्यांनीच भिजवले. मी उठले तवा पिळत होते.”

संध्याकाळी काका आमच्याकडं आले. नानांना म्हणाले, “लेकरासाठी झबली होतील, डॉक्टरसाब. कापड लई चांगलं होतं.” जणू चांगली बातमी सांगत होते. नाना उठून आत निघून गेले. आमच्या घरून चहा न घेता माणिककाका गेले ते त्या एकाच दिवशी.

मी त्यांना पुष्कळ वर्षं माफ केलं नाही. कोणी अडवलं असतं तर मला समजलं असतं. बायको जा म्हणत होती, भाऊ जा म्हणत होता, नाना तर जवळजवळ ढकलत होते. ज्यांना झळ लागणार होती त्यांतल्या एकानंही तक्रार केली नव्हती, आणि ह्या माणसानं त्यांच्या वतीनं सगळ्यांची तक्रार लिहून ठेवली होती. त्याला ते प्रेम म्हणत असतील. असेलही. मला त्यात भीती दिसते, आणि भीतीला दुसऱ्याचं नाव देण्याची सोय दिसते.

पुढच्या वर्षी नानांनी मला हैदराबादला शाळेत पाठवायचं काढलं. आई रडत होती, आत्या नाही म्हणत होती. नानांनी मला समोर बसवलं आणि एवढंच विचारलं, “जातेस का?” मी हो म्हटलं. आईलाही विचारलं. ती रडत रडतच हो म्हणाली. माझा तखमिना एवढाच झाला.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते कितीतरी वर्षांनी. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाना थकले म्हणून धारूरचं घर आवरायला मी गेले होते आणि तुमचा बाबा माझ्या कडेवर होता. काकांना पेन्शन मिळाली होती. ते दवाखान्याच्या ओसरीत दगडी बाकावर बसले होते, कोट तसाच, बटणं गळ्यापर्यंत. त्यांनी तुमच्या बाबाची उंची पट्टीनं मोजली. मग माझ्या शिक्षणाचं विचारलं, किती वर्षं लागली, कुठं राहिले. मी सांगत गेले. ते बोटांवर काहीतरी करत होते. मला ते बघवेना.

“काका,” मी म्हणाले, “का नाही गेलात? आता तरी खरं सांगा.”

त्यांनी बोटं थांबवली.  “आकडा बरोबर होता, लीलाबाई,” ते म्हणाले. “मी चार बारी तपासला. एक बी चूक न्हाई.”

मला इतकी चीड आली की मी उठले. तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं आणि मानेमागं भिंतीकडं बोट दाखवलं. मधला झरोका उघडा होता. कडेनं माती झडली होती आणि आतून वारं येत होतं. मी तळहात धरला. गार होतं.

“इस्माईल म्हणला, चुना लगाऊं के गारा?” काका हळूच म्हणाले. “मी म्हणलं, गारा. नुसता मातीचा. साहेबानं बंद कर म्हणलं होतं, कशानं ते म्हणला नव्हता.” मग इकडंतिकडं पाहून, “सांगू नगंस कुणाला.” इस्माईलचाचा आणि मोठे साहेब दोघेही केव्हाच वारले होते. काकांची भीती मात्र धडधाकट होती.

आयुष्यात एकदा त्यांनी तखमिना न करता काहीतरी केलं, आणि ते इतक्या गुपचूप केलं की ते उमगायला वीस पावसाळे लागले. मी निघाले तेव्हा ते बाकावरच होते, मान नेहमीसारखी पुढं, आणि मागून येणारं वारं त्यांच्या कोटाची कॉलर हलवत होतं.

आता तुझी चौथी ओळ, मुक्ता. तीन वर्षांत मी असेन की नसेन ते तुझ्या रकान्याचं काम नाही. ते माझं मी बघेन. तू मला विचारलं असतंस तर मी उत्तर दिलं असतं. विचारलं नाहीस तरी देते: माझं नाव तिथून खोड. बाकीच्या ओळींत जी माणसं आहेत त्यांना एकेक फोन कर आणि विचार. मग राहतील त्या ओळी तुझ्या. त्या बघून जायचं तर जा, नाही तर नाही म्हण.

माझा भाचा अंबाजोगाईला असतो. तुझी मेल आल्यावर मी त्याला मुद्दाम धारूरला पाठवलं. दवाखाना आता तिथं नाही, इमारतीत खताचं गोदाम आहे. काकांचं नाव कुठंही नाही. बाक शाबूत आहे. सात झरोक्यांपैकी पाच उघडे आहेत, आणि दुपारी त्यांतून वारं येतं.

तुमची,
आजी